डोस्कं न्हाय, दाढ

वैनी,

तुम्ही गेल्यावर घरी लई माणसं येऊन गेली. बायका पडवीत बसायच्या, बाप्ये बाहेर लिंबाखाली. सगळ्यांनी तुमचं चांगलंच सांगितलं. तुमच्या हातच्या शेंगाच्या चटणीची आठवण निघाली. गल्लीत कुणाचं बाळंतपण असलं की तुम्ही न बोलावता कशा जाऊन उभ्या राहायच्या, ते निघालं. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो, मान हलवत होतो. दातांविषयी मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मला सांगायचं होतं. एकदोनदा अगदी ओठांवर आलं. पण दुखवट्याला आलेल्या माणसांत मी दाढांची गोष्ट काढली असती तर सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं असतं, आणि दादानं मला हळूच आत नेऊन विचारलं असतं, गोळी घेतली का म्हणून. म्हणून ती गोष्ट तुम्हालाच सांगतोय. तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरीपण.

तुम्ही लग्न होऊन आमच्या घरात आलात तेव्हा मी आजारी नव्हतो. हे आता गावातल्या निम्म्या लोकांना सांगूनही खरं वाटत नाही. मी तेव्हा ढोकीला कारखान्याच्या काट्यावर होतो. उसाची ट्रॉली काट्यावर चढायची, मी वजन बघायचो, पावती फाडायचो, ट्रॅक्टरवाल्यांशी चेष्टा करायचो. घरी येताना सायकलच्या कॅरिअरला ऊस बांधलेला असायचा. तुमचं माहेर नळदुर्गच्या पलीकडं, कर्नाटकाला लागून. तुम्ही पीठ मापताना, पोळ्या मोजताना मनातल्या मनात कानडी बोलायच्या आणि ओठ हलायचे. नवी नवरी म्हणून गप्प गप्प. तुम्हाला बोलतं करायचं म्हणून एकदा मी अंगणात उसाचं लांब टिपरू घेतलं, शेंडा दातात धरला आणि साल एका ओढीत खालपर्यंत उतरवली. मग दुसरी, मग तिसरी. तुम्ही चुलीपासून उठून दारात आलात, आणि पदर तोंडाला लावून म्हणालात, "भाऊजी, दात हायत का कोयता?"

माझ्याशी बोललेलं तुमचं पहिलं वाक्य ते. आई किती हसली होती. त्या दिवसापासून हंगामात रोज तुम्ही मला फर्माईश करायच्या. पाहुणे आले की म्हणायच्या, "आमच्या भाऊजींचं बघा एकदा." मी तुमच्या माहेरच्यांपुढंही ऊस सोललाय, आणि तुमच्या वडिलांनी खूश होऊन मला कानडीत काहीतरी शाबासकी दिली, ती तुम्ही कधी नीट समजावून सांगितली नाही. विचारलं की हसायच्या.

मग ते सुरू झालं. कसं सुरू झालं ते मलाही धड सांगता येत नाही. काट्यावर बसलेलो असताना आपल्याविषयी कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. मागं वळून बघावं तर कुणी नाही. आधी एक माणूस बोलायचा, मग दोघं, मग बाईमाणसंही. झोप गेली. नोकरी गेली. आईनं आधी अंगारे-धुपारे केले, मग दादानं ऐकलं नाही आणि मला सोलापूरला डॉक्टरांकडं नेलं. त्या दिवसापासून मी त्यांचाच पेशंट आहे. आई त्या काळजीतच गेली. घरात राहिलो आपण तिघं. लेकरू तुम्हाला झालं नाही. लोक म्हणायचे, देवानं त्यांना मोठं लेकरू दिलंय. मला त्या बोलण्याचा राग यायचा. तुम्हाला यायचा का, हे मी कधी विचारलं नाही.

मधे एक काळ असा होता की जेवणात काहीतरी कालवलंय असं मला वाटायचं. तुम्ही भांडला नाहीत, समजावत बसला नाहीत. ताटातला पहिला घास स्वतः खायच्या आणि ताट माझ्याकडं सरकवून कामाला लागायच्या.

गोळ्यांनी आवाज कमी झाले, हे खरं. पण तोंड कोरडं पडायला लागलं. जीभ टाळूला चिकटायची, बोलताना चिकट तार यायची. पाणी पिऊन भागायचं नाही. तेव्हा मला कळलं की गोड चोखलं की तोंडाला पाणी सुटतं. झालं. खिशात लिमलेटच्या गोळ्या, नाहीतर साखर. चहा तर विचारूच नका. कारखान्याच्या पट्ट्यातला चहा तसाही पाक असतो, त्यात मी वर चमचाभर घालून घ्यायचो. तुम्ही देत राहिलात. गप्प बसतोय, मागतोय तेवढं द्यावं, असं तुम्हाला वाटायचं. आणि दात घासायचं म्हणाल तर, वैनी, ज्या माणसाला सकाळी उठून बाजेवरून पाय खाली टाकायला दुपार व्हायची त्याच्या हातात ब्रश कुठून येणार? अंघोळ घालता घालता तुमचा आणि दादाचा जीव जायचा. दात कुणाच्या ध्यानात असतात?

दाढ दुखायला लागली तेव्हा मला सांगता आलं नाही. हे लोकांना पटत नाही. दुखतंय तर दुखतंय म्हणायचं, त्यात काय. पण माझ्या डोक्यात तेव्हा सगळं एकमेकांत मिसळलेलं असायचं. मी दादाला म्हणालो, "दादा, माझ्या गालात कुणीतरी ठोकायलंय." दादाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आजार उलटला. मी भाकरी सोडली, दूध-चहावर राहिलो. स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायला लागलो. दादा मला सोलापूरला घेऊन गेला, गालात कुणीतरी ठोकतंय म्हणतो, असं सांगितलं, आणि गोळी वाढवून मिळाली. वाढीव गोळीनं मी दिवसभर झोपून राहायला लागलो. झोपेत कण्हायचो म्हणे.

तुम्हीसुद्धा आधी तेच समजलात. तुम्हीच मला नंतर सांगितलंत. पण एके दिवशी दुपारी तुम्ही शेतातून आलात तर मी सोप्यातल्या माठाला गाल लावून बसलो होतो. ओल्या गार माठाला, डोळे मिटून. तुम्ही डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि बराच वेळ उभ्या राहून बघितलंत. मग मला हाताला धरून अंगणात आणलंत, उन्हाकडं तोंड करून धुण्याच्या दगडावर बसवलंत.

"तोंड उघडा भाऊजी."

मी उघडलं नाही.

"बाय तगी!" तुम्ही ओरडलात.

माहेरच्या कानडीत तोंड उघड म्हणायला असं म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. बाईला काय झालं म्हणून मी "कोण बाई?" असं विचारायला तोंड उघडलं, आणि तुम्ही माझी हनुवटी धरून ठेवली. उन्हात आत बघितलंत. पदर नाकाला गेला तुमचा, पण हनुवटी सोडली नाहीत. सूज बघितली, पू बघितला. दादा गोठ्यात होता. तुम्ही तिथूनच हाक मारलीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"अवो, हिकडं या! त्यांचं डोस्कं न्हाय बिघडलं, दाढ सडलीया! माणूस दुखतंय म्हणून सांगायलाय आन आपण त्याला झोपंच्या गोळ्या घालायलाव!"

वैनी, इतकी वर्षं मला काही झालं की लोक माझ्या डोक्याकडं बघायचे. ताप आला तरी, पाय मुरगळला तरी. तुम्ही त्या दिवशी तोंडात बघितलंत.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या माणसानं माझा सोलापूरचा कागद बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि असले पेशंट आमच्याकडं धरत नाहीत म्हणाला. चावतात, म्हणाला. दादा परत फिरला होता. तुम्ही त्याला म्हणालात, "माजं दीर कुणाला चावल्यालं ऐकलंय का कदी?" आणि आपण तशीच धाराशिवची बस धरली. तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणायचे. कुणीतरी सांगितलं होतं की बाजारपेठेमागं एक दाताच्या बाई नव्या आल्यात. बसमध्ये मी खिडकीला गाल लावला होता आणि बस खड्ड्यात गेली की तुम्हीच "आई गं" म्हणायच्या.

दाताच्या बाई वयानं लहान होत्या. त्यांनी माझं नाव विचारलं ते दादाला नाही, मला. पण ती खुर्ची, वर तो दिवा, ती मशीन. मला वाटलं, हे लोक दाढेत काहीतरी बसवणार आणि मग ते आवाज आतूनच यायला लागणार. मी दात घट्ट आवळले. दादानं धरायचा प्रयत्न केला तर मी भिंतीला जाऊन चिकटलो. बाहेरची माणसं आत डोकावायला लागली. दाताच्या बाई म्हणाल्या, "आज राहू द्या, औषध देते, पुन्हा या." तुम्ही चपला काढल्या, साडी सावरली, आणि स्वतः खुर्चीवर चढून बसलात.

"आदी माजं बगा. त्यांना बगू द्या काय करताव ते."

दाताच्या बाई हसल्या. हसत हसतच त्यांनी तुमच्या तोंडात आरसा घातला, आणि हसू थांबलं. तुमच्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीपाशी, पांढरा चट्टा होता.

"मिसरी लावता?"

"व्हय. सगळ्याच लावत्यात."

"कधीपासून?"

"न्हाणबी आलं नव्हतं तवापासनं."

मागच्या परसात जुन्या तव्यावर तंबाखू भाजायच्या तुम्ही, तो करपट वास सगळ्या घराला ओळखीचा. सकाळी डाव्या हातावर ती काळी भुकटी घेऊन दात घासत बसायच्या, दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दाताच्या बाईंनी सावकाश सांगितलं की हा चट्टा असाच राहिला तर पुढं काय होऊ शकतं. आपल्या माणसात तो शब्द उच्चारत नाहीत. त्यांनी उच्चारला.

मी भिंतीपाशी उभा होतो. मला आठवतंय, मी विचारलं, "वैनीला काय झालंय?"

दादा नंतर म्हणायचा, त्याला रडू आलं ते चट्ट्यामुळं नाही, माझ्या त्या प्रश्नामुळं. आजार सुरू झाल्यापासून मी दुसऱ्या कुणाविषयी काही विचारलंच नव्हतं म्हणे. तुम्ही खुर्चीवरून उतरलात, तुमचा चेहरा पांढरा पडलेला, पण मला म्हणालात, "माजं झालं. आता तुमचा नंबर." मी जाऊन बसलो. तुम्ही माझ्या पायाचा अंगठा धरून उभ्या राहिलात, शेवटपर्यंत.

एक दाढ त्या दिवशी गेली. पुढं खेपा घालत घालत बरेच दात गेले. वाचण्यासारखे होते ते वाचवले. दाताच्या बाईंनी मला समजावून सांगितलं की तोंड कोरडं पडतं ते गोळ्यांनी, आणि कोरड्या तोंडात साखर धरून बसलं की दात खलास. मी लगेच म्हणालो, "मग गोळ्या बंद करतो." त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. साखर बंद करा." आणि माझ्यासमोर सोलापूरच्या डॉक्टरांना फोन लावून बोलल्या. नंतरच्या खेपेला तुम्ही स्वतः आलात सोलापूरला. डॉक्टरांच्या टेबलाला दोन्ही हात टेकवून उभ्या राहिलात.

"डॉक्टरसाहेब, तुमी झोपंचं इचारता, डोस्क्याचं इचारता, इच्चार कसं येत्यात इचारता. तोंडाचं कामून इचारत न्हाईत? ह्यो माणूस गालात ठोकायलंय म्हणत होता, तुमी गोळी वाढीवली."

दादा तुमचा पदर ओढत होता. डॉक्टर मात्र चिडले नाहीत. म्हणाले, "चुकलंच. बघायला पाहिजे होतं." गोळी कमी करून दिली, एक बदलून दिली. तेव्हापासून ते दर वेळी माझ्या तोंडात बघतात.

मग आपला करार झाला. तुमच्या चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला होता. अजून वाईट काही नाही, पण मिसरी सोडलीच पाहिजे असं आलं. घरी आल्यावर तुम्ही ओट्यावर बसून सांगितलंत, "भाऊजी, तुमी रोज दात घासायचं, म्या मिसरी सोडायची. कबूल?" मी कबूल म्हणालो. मला काय, मला वाटलं सोपं आहे.

आता मागं बघताना मला वाटतं, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या सकाळी त्याच. परसात हौदापाशी आपण दोघं. तुमच्या हातात नवा कोरा ब्रश, तुम्हाला तो धरताही यायचा नाही, फेस पोटात जायचा आणि तुम्ही खोकायच्या. मिसरी सुटल्यानं डोकं दुखायचं तुमचं, हात थरथरायचे, दादावर उगाच खेकसायच्या. बडीशेप आणि भाजलेले जवस कनवटीला बांधून ठेवायच्या आणि दिवसभर चघळायच्या. ज्या दिवशी माझा हात उठायचा नाही त्या दिवशी तुम्ही मागं उभ्या राहून, माझी हनुवटी एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं माझे दात घासायच्या. म्हैस धुताना करायच्या तसं तोंडानं च्च च्च करत.

शेजारच्या काकूंनी ते कुंपणावरून बघितलं. गावात व्हायचं ते झालं. "भावजय देराचे दात घासती!" दळणाच्या गिरणीत कुणीतरी तुम्हाला ऐकवलंच. तुम्ही दळणाचा डबा खाली ठेवून म्हणालात, "भूमच्या बाजारात बैल घ्यायला जाताव तर आदी त्याचा जबडा फाकून दात बगताव. घरातल्या माणसाचं बगितलं की लाज वाटती व्हय?" ही गोष्ट मला गिरणीवाल्यानं सांगितली. तुम्ही घरी येऊन फक्त पिठाची तक्रार केलीत, जाड दळलंय म्हणून.

आणि तुमची चोरी आठवते का? मला वास आला एकदा. तोच करपट वास. तुम्ही शेजारच्या काकूंच्या परसात तवा नेऊन भाजली होती. मी दुसऱ्या दिवशी ब्रश हौदात टाकला आणि बसून राहिलो.

"काय झालं भाऊजी?"

"तुमी लावली. म्या घासणार न्हाय."

"कुणी लावली? न्हाय लावली."

"बाय तगी," मी म्हणालो.

तुम्ही आधी चिडलात. तुमाला नुस्तं कारण पायजे, म्हणालात. मग हसायला आलं तुम्हाला, आणि हसताना काळे पडलेले दात दिसले. सगळं उघडं पडलं. तुम्ही राहिलेली मिसरी माझ्यासमोर उकिरड्यावर टाकली. त्यानंतरही एकदोनदा झालं असेल, मला माहीत आहे. पण कमी होत होत सुटली. चट्टा फिका पडत गेला. दर खेपेला दाताच्या बाई दोघांना लागोपाठ बसवायच्या आणि कुणाचं चांगलं आहे ते जाहीर करायच्या. तुम्ही हरलात की बसमध्ये गप्प बसायच्या.

मधे मी पुन्हा कोसळलो, तेही तुम्हाला आठवत असेल. गोळ्या थुंकून टाकत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. सोलापूरला भरती राहावं लागलं. तिथं सगळ्यांचीच तोंडं तशी होती, वैनी. तरणी तरणी पोरं, पुढचे दात नाहीत, गाल आत गेलेले. कुणाला त्याचं काही नाही. माझ्या शेजारच्या कॉटवरचा एकजण रात्रंदिवस जबडा दाबून धरायचा. मी नर्सबाईंना सांगितलं, "त्याची दाढ बघा." त्या म्हणाल्या, तो तसाच करतो. मी म्हणालो, "उन्हात न्या आन बघा." दोन दिवस मागं लागलो तेव्हा नेलं, तर दाढच सडलेली. हे मी तुम्हाला घरी आल्यावर सांगितलं तेव्हा तुम्ही भाकरी थापत होतात. त्या दिवशी माझ्या भाकरीवर तूप नेहमीपेक्षा जास्त होतं.

आपलं एक भांडण राहिलंच. कवळीचं.

तुम्हाला मला कवळी बसवायची होती. "वरचे तर न्हाईतच, खालचे चारदोन. माणूस कसा जेवायचा?" दर हिवाळ्यात हुरड्याच्या वेळी हे निघायचंच. शेतात आगटी पेटायची, सगळे कणसं चोळून गरम हुरडा खायचे, आणि तुम्ही माझा वाटा खलबत्त्यात घालून लसणाच्या चटणीबरोबर कुटून द्यायच्या. कुटता कुटता बोलायच्या. मला कवळी नको होती. तोंडात दुसऱ्या कुणीतरी बनवलेली वस्तू दिवसभर ठेवायची, ह्या विचारानंच मला कसंतरी व्हायचं. अजूनही होतं. ते आजारामुळं की स्वभावामुळं, मला सांगता येणार नाही. तुम्ही म्हणायच्या, "काडून ठिवायची की रातीला, कोण चिकटवून देणार हाय?" मी म्हणायचो, कुटलेला हुरडाच चांगला लागतो. तुम्ही म्हणायच्या, "म्या हाय तवर. नंतर कोण कुटणार?"

तुम्ही हलक्यात म्हणायच्या आणि मीही हलक्यात घ्यायचो. यंदा तुम्ही म्हणालात, संक्रांत झाली की जायचंच. मी बघू म्हणालो.

संक्रांतीच्या आधीच तुम्ही गेलात. दुपारी मेथी निवडत होतात. छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतंय म्हणून बाजेवर आडव्या झालात. दादानं जीप आणेपर्यंत तुम्ही माझ्याकडं पाणी मागितलंत, दोन घोट घेतलेत. धाराशिवला पोचेपर्यंत संपलं होतं. दाताच्या बाई भेटायला आल्या होत्या, त्यांचेही केस आता पांढरे झालेत. त्या माझ्यापाशी बसून म्हणाल्या, "मागच्या तपासणीला त्यांचं तोंड अगदी स्वच्छ होतं हो." मला ते ऐकून बरं वाटलं. मग वाटलं, आपण हृदयाकडं बघितलंच नाही. तुम्ही छातीला हात लावायच्या, दवाखान्याचा जिना चढताना थांबायच्या. आपल्या घरात आजारी म्हणजे मी, असं ठरूनच गेलं होतं. तुम्ही आजारी पडू शकता हे कुणाच्या मनातच आलं नाही.

कवळीचं मी अजून न्हायच म्हणतोय, हे तुम्हाला खरं खरं सांगतो. तुम्ही गेलात म्हणून हो म्हटलं तर तुम्हीच म्हणाल, आता कामून? ह्या वर्षी हुरडा दादानं कुटला. जाडाभरडा. त्याला जमत नाही. मी खाल्ला.

तुम्हाला काय सांगायचं राहिलं, याचा मी विचार करतोय. आभार वगैरे आपल्यात कुणी मानत नाही. तुम्ही माझ्यासाठी केलं असं लोक म्हणतात, ते ऐकताना मला थोडं अपुरं वाटतं. तुम्ही माझे दात घासायच्या, पण तुमची मिसरी मी पकडायचो. खुर्चीवर तुम्ही बसलात म्हणून मी बसलो, आणि माझ्यासाठी तुम्ही बसलात म्हणून तुमचा चट्टा सापडला. तुमच्यासमोर मी सगळ्या गावाला वाटतो तसा नव्हतो. तुमच्याशी मला भांडता यायचं. खोटं बोललात तर तुम्हाला तोंड उघडायला लावता यायचं. इतकी वर्षं मी कुणाचा तरी दीर होतो, पेशंट नंतर.

मागच्या आठवड्यात सोलापूरची तारीख होती. दादा आणि मी दोघंच गेलो. डॉक्टर म्हणाले, "वैनी नाही आल्या?" मी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. मग त्यांनी नेहमीसारखं विचारायला घेतलं. झोप लागते का, लागते. गोळ्या रोज, रोज. तोंड कोरडं पडतं का, पाणी घोट घोट पितो. त्यांनी बॅटरीनं तोंडात बघितलं, हिरड्या ठीक आहेत म्हणाले.

"आणि आवाज? येतात का कुणाचे?"

वैनी, ज्यांना मी कधी बोलावलं नाही ती माणसं वर्षानुवर्षं माझ्या कानात बोलून गेली. शिव्या देऊन गेली. तुम्ही गेल्यापासून मी पहाटे जागा होतो आणि पडून कान देतो. चुलीकडं, हौदाकडं, दारापाशी. एकदा तुमचा आवाज ऐकू आला असता तर मी कुणालाही सांगणार नव्हतो, डॉक्टरांनाही नाही.

"न्हाय," मी म्हणालो.

"एकही नाही?"

"एकबी न्हाय."

"चांगली गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाले, आणि गोळ्या लिहायला लागले.

दादा खाली मान घालून बसला होता. आम्ही बाहेर आलो, बाकावर बसलो. त्यानं पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली. मी घोट घेतला. मग तो समोर बघत, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाला, "मलाबी येत न्हाय रे."